मार्च ब्रेक, बार्बाडोस आणि स्नॉर्केलिंग: जागा कोणाच्या पोहण्यावरून ठरवायची?



मार्च ब्रेकची तिकिटं काढून झाली असतील, नाहीतर घरात त्यावरून चर्चा चालू असेल. बार्बाडोसला टोरांटोहून थेट विमान आहे, आणि 29 जून 2024 ला केन्सिंग्टन ओव्हलवर रोहितच्या टीमने वर्ल्ड कप उचलल्यापासून त्या बेटाचं नाव आजोबांनाही पाठ आहे. तिथे गेलं की मुलं स्नॉर्केलिंगचा हट्ट धरणारच. म्हणून स्पष्टच लिहिते. जागा ठरवताना घरातल्या सगळ्यात कच्च्या पोहणाऱ्याकडे बघा. आणि आपल्या घरांत ते माणूस बऱ्याचदा मूल नसतं, आई किंवा बाबा असतात.

थोडा विचार करा. आपली मुलं शेरवूडला किंवा स्पोर्ट्स सेंटरच्या पूलमध्ये लेव्हलमागून लेव्हल पास होतात. आपल्यापैकी जे गावात वाढले, ते पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले. शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्यांचं पोहणं मात्र राहूनच गेलं. मग समुद्रावर काय होतं? अकरा वर्षांची मुलगी फिन्स घालून सपासप पुढे जाते आणि बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून "फार लांब जाऊ नकोस गं" म्हणत राहतात. तिला काही झालं तर ते तिच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणजे त्या दिवशी तिच्याबरोबर पाण्यात मोठं माणूस कोणीच नाही.

किनाऱ्यावरून लक्ष ठेवू, असं आपण म्हणतो. पण स्नॉर्केल करणारा माणूस तोंड पाण्यात घालून शांत तरंगत असतो, आणि शुद्ध हरपलेला माणूसही लांबून तसाच दिसतो. आरडाओरडा नाही, हात हलवणं नाही. त्यामुळे लक्ष ठेवायचं ते हाताच्या अंतरावरून, पाण्यात राहून. आणि ते मोठ्या माणसाला झेपेल अशीच जागा घ्यायची.

आता बेटाकडे बघू. बार्बाडोस जेमतेम 34 किलोमीटर लांब आहे, पण त्याच्या दोन बाजूंचे समुद्र अगदी वेगळे. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतो.

पूर्व किनारा (बाथशेबा वगैरे): अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आपटतात, पाण्याला ओढ जबरदस्त. जा, फोटो काढा, फिश कटर खा. पाण्यात उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

पश्चिम किनारा: वाऱ्याच्या आडोशाला असल्याने पाणी सहसा शांत. नवशिक्यांनी इथेच राहावं. ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये तळाशी वाळू आहे, हळूहळू खोल होत जातं. मास्क लावून कमरेएवढ्या पाण्यात सराव करायला उत्तम. पुढे थोडं खोल गेलं की बुडालेली जुनी जहाजं आणि कासवं बघायला बोटी येतात, पण तो टप्पा पोहता येणाऱ्यांचा. होलटाउनजवळच्या फोकस्टोन मरीन पार्कमध्ये प्रवाळ किनाऱ्यापासून जवळच आहे. पूलमध्ये सहज पोहणाऱ्यांना ते जमेल. पायाखाली खडक असतात, तेवढं सांभाळा. त्याहून बाहेरचे प्रवाळ, जिथे बोटीनेच जावं लागतं, ते समुद्रात पोहण्याची सवय असलेल्यांसाठी, तेही गाइडबरोबर.

पण पश्चिम किनारासुद्धा रोज शांत नसतो. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा कधीकधी तिथवर पोचतात. म्हणून बेत आदल्या दिवशी पक्का करू नका. सकाळी लवकर जा, तेव्हा वारा कमी असतो. आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. लाटा खडकांवर फुटतायत का? फेस कुठल्या दिशेने वाहतोय? रात्री पाऊस पडून पाणी गढूळ झालंय का? लाल झेंडा असेल तर प्रश्नच संपला. झेंडा नसेल तर लाइफगार्डला विचारा. निघताना प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे दमल्यावर परत येणं सोपं जातं.

"अहो, पण लाइफ जॅकेट असतं ना!" असतं, आणि घालायचंच. पण जॅकेट तरंगत ठेवतं, परत आणत नाही. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरणं ते थांबवत नाही. "मुलांकडे सर्टिफिकेट आहे." छान आहे. पण पूलला दर 25 मीटरवर भिंत असते, समुद्राला नसते. लाइफसेव्हिंग सोसायटीचं 'स्विम टू सर्व्हाइव्ह' मानक साधं आहे: खोल पाण्यात पडून वर येणं, एक मिनिट जागेवर तरंगणं, 50 मीटर पोहणं. एवढं ज्याला जमत नाही, त्याने पाय टेकतील तिथेच मास्क लावावा. हा नियम आई-बाबांनाही लागू.

सगळ्यात अवघड वाक्य म्हणजे "पैसे भरलेत ना आता!" समुद्र खवळलेला असताना केवळ पैसे वसूल करायला उतरू नका. बुकिंग करतानाच विचारून ठेवा, हवा बिघडली तर पैसे परत की दुसरा दिवस?

हेच भारताच्या ट्रिपलाही लागू. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग होतं, पण आपली मुलांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा समुद्र उधाणलेला आणि जलक्रीडा बंद. कोणी "साहेब, करून देतो" म्हटलं तरी नको. त्यासाठी डिसेंबरची ट्रिप ठेवा. आणि सीझनमध्येही बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट अंगावर हवं. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लक्षात घ्या, पाण्याखालचा कार्यक्रम तेव्हा संपलेला होता.

आता हातात काही आठवडे आहेत. मास्क आणि नळी आधी घ्या आणि पूलमध्ये लावून बघायला चालेल का ते विचारा. गळणारा मास्क इथे कळलेला बरा. आणि मुलांना क्लासला सोडून गॅलरीत फोन बघत बसण्याऐवजी स्वतःचं नाव मोठ्यांच्या क्लासमध्ये घाला. चाळिशीत पोहायला शिकायला लाज कसली? मुलीच्या शेजारी पोहता आलं, तर पुढच्या ट्रिपला जागा निवडायला तुम्हालाही जास्त वाव राहील.

तुमच्या घरात सगळ्यात कच्चं कोण पोहतं? खाली खरंखरं सांगा. मोठ्यांच्या क्लासला जायला सोबत हवी असेल तर तेही लिहा, ग्रुप जमवू.