विश्लेषण : पाच 'एपी' विषय, दहा उपक्रम… अमेरिकी शाळकरी मुलांच्या दिवसाचे गणित का बिघडते?

अमेरिकेत दर वर्षी मेच्या सुरुवातीला दोन आठवडे 'एपी' परीक्षा चालतात. नेमक्या याच दिवसांत शालेय ॲथलेटिक्स आणि टेनिसचा हंगाम शेवटाकडे आलेला असतो, शाळेच्या वाद्यवृंदाचा वार्षिक कार्यक्रमही जवळ आलेला असतो. अकरावीतल्या मुलाला यातले काहीच सोडायचे नसते, कारण पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्याला विद्यापीठांचे अर्ज भरायचे असतात आणि त्या अर्जात दोन्ही रकाने असतात : कोणते अवघड विषय घेतले आणि शाळेबाहेर काय केले. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातील मराठी घरांतला हा नेहमीचा पेच आहे. अमेरिकेत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मुलांनाही तो आता ओळखीचा झाला आहे.

'एपी' म्हणजे काय?

'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकणे. १९५०च्या दशकात फोर्ड फाऊंडेशनच्या मदतीने झालेल्या प्रयोगांतून ही कल्पना पुढे आली आणि १९५५ मध्ये 'सॅट' परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने ती ताब्यात घेतली. आज कॅल्क्युलसपासून कलेतिहासापर्यंत सुमारे ४० विषय उपलब्ध आहेत. परीक्षेत १ ते ५ असे गुणांकन असते आणि ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास अनेक सरकारी विद्यापीठे त्या विषयाचे क्रेडिट देतात. म्हणजे तेवढे शुल्क वाचते. हुशार मुलाला शिकलेलेच पुन्हा शिकावे लागू नये, एवढाच मूळ हेतू होता. आता शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी किमान एक एपी परीक्षा दिलेली असते.

गंमत अशी, की ज्या नामवंत विद्यापीठांसाठी मुले हे विषय जिवापाड घेतात, तीच क्रेडिट देताना सर्वाधिक हात आखडता घेतात. डार्टमथने तर २०१८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीपासून ते देणेच थांबवले. तेथे एपी लागते ते प्रवेशासाठी.

मग मुले इतके विषय का घेतात?

एक कारण आकड्यांचे आहे. बऱ्याच शाळांत साध्या विषयातील 'ए' श्रेणीला ४ गुण, तर एपीतील 'ए'ला ५ गुण मिळतात. त्यामुळे साधा विषय घेऊन त्यात पैकीच्या पैकी मिळवले तरी सरासरी खाली येते. वाद्यवृंद किंवा चित्रकलेचा तास घेणारे मूल इथेच मागे पडते.

खरी गोम मात्र शाळेच्या शिफारसपत्रात आहे. शेकडो विद्यापीठांचा सामाईक असलेल्या 'कॉमन ॲप' अर्जासोबत शाळेच्या समुपदेशकाला एक अहवाल द्यावा लागतो. शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या तुलनेत या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम किती कठीण होता, हे त्यात नमूद करायचे असते. तुलना त्याच शाळेशी होत असल्याने तीनच एपी विषय असलेल्या ग्रामीण शाळेतील मुलाने तिन्ही घेतले तर तो सर्वांत कठीण अभ्यासक्रम ठरतो. पंचवीस एपी देणाऱ्या श्रीमंत उपनगरात मात्र पाच विषय घेणाराही मागे वाटतो. शाळेत सोयी जितक्या जास्त, तितके मुलाच्या पाठीवरचे ओझे जास्त, असा हा उलटा हिशेब आहे. करोनाकाळात अनेक विद्यापीठांनी 'सॅट' ऐच्छिक केली, कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर ती विचारात घेणेच बंद केले. तेव्हापासून शाळेच्या गुणपत्रिकेचे वजन आणखी वाढले. एमआयटी, डार्टमथ, हार्वर्ड यांनी परीक्षा परत आणली, तरी सवय लागायची ती लागून गेली.

उपक्रमांचा आकडा कुठून आला?

'कॉमन ॲप'मध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे. दहा ही कमाल मर्यादा आहे, किमान अट नव्हे. पण रिकामा रकाना दिसला की पालकांना तो भरावासा वाटतो. हार्वर्डविरुद्धच्या प्रवेशखटल्यात २०१८ मध्ये जी कागदपत्रे उघड झाली, त्यांतून विद्यापीठ अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळी श्रेणी देते, हे सर्वांना कळले. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंशाधारित प्रवेश बंद केले. उपक्रमांचे महत्त्व मात्र तसेच राहिले.

याउलट एमआयटी आपल्या स्वतंत्र अर्जात चारच उपक्रम मागते. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने २०१६ मध्ये काढलेल्या अहवालातही संख्येपेक्षा सातत्य पाहा, असे विद्यापीठांना सुचवले होते. नोकरी करून घरखर्चाला हातभार लावणे किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणे यांसाठीही 'कॉमन ॲप'मध्ये स्वतंत्र वर्ग आहे. महागड्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती करणारे सल्लागार हे सहसा सांगत नाहीत.

दिवसाचा हिशेब जुळतो का?

कागदावर मांडून पाहिले तर जुळत नाही. समजा, शाळा पावणेआठ ते पावणेतीन. त्यानंतर साडेपाचपर्यंत संघाचा सराव. घरी येऊन, जेवून मूल अभ्यासाला बसते तेव्हा सात वाजलेले असतात. पाच एपी विषयांना रोज पाऊण-पाऊण तास धरला तरी पावणेचार तास जातात आणि उरलेल्या विषयांचा गृहपाठ संपेपर्यंत साडेअकरा होतात. मग तबल्याचा रियाझ किंवा वादविवादाची तयारी, म्हणजे साडेबारा. सकाळी साडेसहाला उठायचे असल्याने झोप सहा तास. ही चांगल्या दिवसाची गोष्ट झाली, बाहेरगावी सामना नसलेल्या. निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार या वयात ८ ते १० तास झोप हवी. त्यासाठीच कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधी भरवू नयेत असे ठरवले आणि जुलै २०२२ पासून ते लागू झाले. बहुतेक राज्यांत असे बंधन नाही.

रोजच्या वेळापत्रकात काटछाट करून हे फारसे सुधारत नाही, कारण भार रोज ठरतच नाही. तो आदल्या हिवाळ्यात ठरतो. पुढच्या वर्षीचे विषय बऱ्याच शाळांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निवडायचे असतात आणि ऑगस्टमधला सराव तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नसतो. एपी परीक्षेची नोंदणीही नोव्हेंबरातच करावी लागते, नंतर माघार घेतल्यास ४० डॉलर जातात. विषयांचे वजनही सारखे नसते. अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी साहित्य यांत वाचन-लेखन अफाट, भौतिकशास्त्रात प्रयोग आणि उदाहरणे. दोन वाचनप्रधान विषय आणि खेळाचा मुख्य हंगाम एकाच सत्रात आले की पाच काय, तीन एपीही जड जातात.

न्यू जर्सीत वाद का पेटला होता?

प्रिन्स्टनजवळचा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा शालेय जिल्हा भारतीय आणि चिनी कुटुंबांनी गजबजलेला आहे. २०१५ मध्ये तिथल्या शाळाप्रमुखांनी मुलांवरील मानसिक ताणाचा दाखला देत सहामाही आणि वार्षिक परीक्षा रद्द केल्या आणि वर्षातील काही रात्री गृहपाठमुक्त केल्या. पालकांत उभी फूट पडली, आणि ती बरीचशी वंशाच्या रेषेवर. अनेक गोऱ्या पालकांना हायसे वाटले. अनेक आशियाई पालकांचे म्हणणे असे, की आम्ही स्थलांतरित. आमच्याकडे आजोबांच्या ओळखी नाहीत, मुलांसाठी गुणच आमची शिडी आहे आणि तीच तुम्ही काढून घेत आहात.

या म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच प्रश्न सोपा नाही. पण ताणाचा पुरावाही डोळ्यांआड करता येत नाही. भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी अनेक वर्षे सुखवस्तू, यशस्वी शाळांतील मुलांचा अभ्यास केला. नैराश्य, चिंता आणि व्यसने यांचे प्रमाण तिथेही चिंताजनक असल्याचे त्यांनी दाखवले. रॉबर्ट वुड जॉन्सन फाऊंडेशनच्या २०१८ मधील अहवालाने किशोरवयीनांना घातक घटकांत गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्यासोबत 'उत्कृष्टतेचा अतिरेकी दबाव' हाही घटक ठेवला.

पर्याय कोणी शोधले?

वॉशिंग्टन परिसरातील आठ खासगी शाळांनी २०१८ मध्ये एपी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. अर्थात त्या शाळांचे नावच विद्यापीठांना पुरेसे असते, साध्या सरकारी शाळेला हे धाडस परवडत नाही. अधिक उपयोगी वाटतो तो कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम. वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांपुरतेच मोजले जातात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठालाही आपल्याच विद्यार्थ्यांच्या निकालांत असे दिसले, की पाचपर्यंत अशा विषयांचा पहिल्या वर्षाच्या गुणांशी चांगला संबंध आहे, त्यापुढे फारसा फरक पडत नाही.

महाराष्ट्राचा संबंध कसा?

इथे गणित नेमके उलटे आहे. आयआयटी किंवा वैद्यकीय प्रवेश जवळपास पूर्णपणे एका परीक्षेवर ठरत असल्याने अकरावीत क्लास लागला की मैदान सुटते. दहावीला मिळणारे खेळाचे आणि चित्रकलेचे वाढीव गुण पुढे उपयोगी पडत नाहीत. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, हा छोटासा अपवाद. अमेरिकेचा विचार करणाऱ्या इथल्या मुलाला मात्र दोन्ही नावांवर पाय ठेवावे लागतात. बारावी आणि जेईईची तयारी सुरू असतानाच तो बाहेरून एपी परीक्षा देतो आणि दहा रकान्यांसाठी घाईघाईने एखादी 'संस्था' स्थापन करतो. प्रवेश अधिकाऱ्यांना अशा अकरावीच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या संस्था ओळखता येतात. सातवीपासून सुरू असलेला तबला त्यांना जास्त पटतो.