प्रकाशाने जागे होणारे सोने

गेल्या रविवारी एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तोच दोन मुलांचा बाप आहे. परंतु आल्याबरोबर वाकून नमस्कार करण्याची त्याची सवय सुटलेली नाही. त्याच्या वडिलांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे नुकतेच निदान झाले आहे. डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले आहेत. खिशातून त्याने वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. सोन्याच्या कणांनी कर्करोगाच्या गाठी नष्ट होतात, अशी ती बातमी होती. तो म्हणाला, “सर, किरणोपचार थांबवून सुवर्णभस्म सुरू करावे, असे काका म्हणतात. सोने तर दोन्हींकडे आहेच. आपले काय मत आहे?”

मी वैद्य नव्हे, मराठीचा मास्तर. पण वाचलेल्याचा नीट अर्थ लावणे हे मास्तराचेच काम. त्याला जे सांगितले तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रकाशाच्या साहाय्याने औषध कामास लावण्याची कल्पना आपणांस अपरिचित नाही. अंगावरील पांढऱ्या कोडावर बावची लावून तो भाग उन्हात धरण्याचा उपचार आपल्याकडे जुना आहे. नुसत्या बावचीने भागत नाही आणि नुसत्या उन्हानेही भागत नाही. दोहोंचा संयोग व्हावा लागतो. याच तत्त्वाचा शास्त्रीय प्रत्यय म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आला. प्राध्यापक टापायनर यांच्या प्रयोगशाळेत तो अॅक्रिडीन या रंगद्रव्याचा सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम तपासत होता. तेच द्रव्य, तेच जीव. परंतु उजेडात ते मरत आणि अंधारात जगत. हे निरीक्षण 1900 साली प्रसिद्ध झाले.

त्याचा कर्करोगावरील पद्धतशीर उपयोग पुढे अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉहर्टी यांनी केला. शिरेतून दिलेले रंगद्रव्य गाठीत साठू द्यायचे आणि मग त्या जागी लाल प्रकाश सोडायचा. प्रकाश मिळताच ते द्रव्य पेशीतील प्राणवायूला उग्र रूप देते आणि पेशी मरते. 1978 साली त्यांनी 25 रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांच्या 113 गाठींपैकी 111 गाठी पूर्णपणे वा अंशतः विरल्या होत्या. परंतु औषध त्वचेतही राहत असल्याने रुग्णाला पुढे महिनाभर तरी उन्हापासून जपावे लागे. शिवाय लाल प्रकाश शरीरात फार खोल जात नाही.

सोन्याचे कण येतात ते येथे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असते त्याच पदार्थाच्या, अतिसूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचे पातळ कवच चढवले. हे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत पाचशेच्या आसपास कण ओळीने मावतील. कवचाची जाडी नेमकी राखली, की हे कण लाल रंगापलीकडचे, डोळ्यांस न दिसणारे किरण शोषून घेतात आणि तापतात. हे किरण शरीरात त्यातल्या त्यात अधिक खोल शिरतात. गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे कण तेथे झिरपून साठतात. मग लेसरचा किरण सोडला, की आसपासचा भाग भाजून निघतो. पेशींवरील आणि उंदरांवरील हे प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाले.

सुज्ञ वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यात सोने हे औषध नव्हेच! ते प्रकाशाची उष्णता करणारे साधन आहे. लेसर नसेल तर हे कण गाठीचे काहीही बिघडवू शकत नाहीत. मग पोटात घेतलेल्या भस्माशी त्याचा संबंध जोडावा तरी कसा?

आता बातमीतील मुख्य भाग. 2019 साली या कणांचा प्रोस्टेटच्या 16 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 15 जणांवर ही क्रिया यथास्थित पार पडली. आकडा उत्साहवर्धक खरा. परंतु क्रिया पार पडणे निराळे आणि रोग समूळ जाणे निराळे. शिवाय हे रुग्ण निवडक होते. रोग ग्रंथीबाहेर न गेलेले, फारसा उग्र नसलेले. सोळा माणसांच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. याउलट, किरणोपचारांमागे दीर्घकाळचा आणि असंख्य रुग्णांचा अनुभव उभा आहे.

विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आशा ठेवूच नये का, सर?” मी म्हटले, “आशा अवश्य ठेवावी. पण आशेपायी हातातला उपचार सोडू नये. हे कात्रण काकांना नव्हे, डॉक्टरांना दाखव. वडिलांना काय लागू पडेल ते त्यांनाच विचार.”

बुधवारी त्याचा निरोप आला. वडिलांचे किरणोपचार सुरू झाले आहेत. काकाच त्यांना स्कूटरवरून घेऊन जातात.

घरात दुखणे आले, की बातमीतील प्रत्येक ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटू लागते. अशा वेळी शीर्षकावर न थांबता शेवटपर्यंत वाचावे, आणि किती रुग्णांवर, कोणत्या अवस्थेत, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.