सोंगाचें भाडें

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हें गांव लागतें. गांवाच्या नांवाचा संबंध लोक शृंगऋषीशीं जोडतात. शृंगऋषि म्हटला कीं आम्हांस रामायणांतील ऋष्यशृंगाची कथा आठवते. अरण्यांत वाढलेल्या व स्त्री कधींच न पाहिलेल्या त्या मुनीनें आश्रमांत आलेल्या वारांगनांना तपस्वी समजून त्यांचा सत्कार केला. समोर आलेला माणूस कोण, हें न ओळखण्याची चूक इतकी जुनी आहे. गेल्या जानेवारींत तीच चूक अनसिंगांत आमच्या हातून घडली. आणि मुनीला होती तशी अज्ञानाची सबब आम्हांस नाहीं, म्हणून हा लेख.

तेथील एका शाळेनें थोर व्यक्तींच्या वेषभूषांची स्पर्धा ठेवून आम्हांस परीक्षक म्हणून बोलाविलें होतें. ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती, १२ तारखेस जिजाऊंची, २६ ला प्रजासत्ताक दिन. त्यामुळें हा महिना म्हणजे वेष भाड्यानें देणाऱ्या दुकानदारांची सुगीच. मंचावर चार शिवाजीमहाराज, तीन सावित्रीबाई, एक डॉक्टर आंबेडकर, एक आनंदीबाई जोशी, एक लमाण स्त्री, एक वासुदेव आणि दोन गाडगेबाबा आले. आमचें भांडण या शेवटच्या दोघांपासून सुरू होतें.

पहिल्या गाडगेबाबांचा अंगरखा दुकानांतून आणलेला. त्यावरचीं ठिगळें यंत्रानें, सारख्या अंतरावर, रंगसंगति साधून शिवलेलीं. डोक्यावरचें गाडगें प्लॅस्टिकचें. खराट्याच्या मुठीला सोनेरी कागद. भाडें एका मजुराच्या दिवसाच्या मजुरीएवढें, अनामत निराळी, असें मुलाच्या वडिलांनींच आम्हांस अभिमानानें सांगितलें. मुलानें पाठ केलेलीं चार वाक्यें न अडखळतां म्हटलीं. दुसऱ्या मुलाच्या आईनें जुन्या धोतराचे, पोत्याचे व कसल्याशा छिटाचे तुकडे घरींच जोडले होते. एका पायांत बापाची वहाण, दुसऱ्यांत बहिणीची चप्पल. एका कानांत कवडी, दुसऱ्यांत फुटक्या बांगडीचा तुकडा. तो बोलावयाचें विसरला, आणि आधींच्या महाराजांच्या दाढ्यांचा कापूस मंचावर सांडला होता तो झाडूं लागला. सभा हंसली. गुणपत्रिकेंत ‘वेष’ व ‘संवाद’ असे दोनच रकाने होते. या मुलाला संवाद नव्हता, आणि त्याचा वेष, आमच्या एका सहपरीक्षकांच्या शब्दांत, ‘नीटनेटका’ नव्हता. पहिलें बक्षीस भाड्याच्या अंगरख्याला मिळालें. त्या कागदावर तिसरी सही आमची आहे.

गाडगेबाबा विदर्भाला परके नव्हेत. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या या माणसाला पाहिलेलीं घरें आपल्याकडे पुष्कळ होतीं. दिवसा गांव झाडावें. रात्रीं कीर्तनांत श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या कर्जाचा, दारूचा, नवसाच्या बोकडाचा हिशेब मागावा. लोकांनीं दिलेल्या पैशाच्या धर्मशाळा बांधाव्या आणि आपण चिंध्या पांघराव्या, हा त्यांचा क्रम १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत चालला. चिंधी ही त्यांची वेषभूषा नव्हती. तो त्यांचा निर्णय होता. ऋण काढून सण करूं नका असें ज्यानें जन्मभर सांगितलें, त्याच्या चिंध्या आम्ही अनामत भरून आणतों, आणि संध्याकाळीं पांचाच्या आंत परत करावयाच्या म्हणून मुलाला बक्षीससमारंभांतून ओढून नेतों! हेंही आम्हीं त्या दिवशीं पाहिलें.

पालक विचारतील, मग मुलाला करावें तरी काय? कल्पना हव्या असतील तर त्या दुकानांत नाहींत, चरित्रांत आहेत. त्या तिन्ही सावित्रीबाईंचीं लुगडीं कडक इस्त्रीचीं होतीं, हातांत पुस्तक होतें. १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली तेव्हां वाटेंत या बाईंच्या अंगावर शेण व चिखल फेंकला जाई, आणि त्या शाळेंत जाऊन बदलण्यासाठीं दुसरें लुगडें बरोबर नेत, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. मग एखाद्या मुलीला मळलेलें लुगडें नेसवून, काखेंत धुतलेल्या दुसऱ्याची घडी देऊन कां उभी करीत नाहीं? तिला एक वाक्यही बोलावें लागणार नाहीं. परंतु डाग पडलेलें लुगडें म्हणजे नीटनेटका वेष नव्हे! आनंदीबाईंना पांढरा डगला व गळ्यांत नळी दिली होती. त्यांचें १८८५ सालचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघीही फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, आणि तिघीही आपापल्या देशाच्या पोषाखांत. परक्या देशांत आपलें वस्त्र न सोडतां डॉक्टर होणें, हीच तर त्या वेषाची कथा; ती डगल्यानें झांकून टाकली.

वेष क्षुल्लक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. बालगंधर्वांच्या उंची शालूंची व त्यांच्या नेसण्याच्या ढबीची नक्कल घरंदाज स्त्रियांनीं केली, हें मराठी घरांना सांगावयास नको, (त्या थाटापायीं मंडळी कर्जांत बुडाली, हेंही नको.) पण शालू नेसणारा तो पुरुष आधीं स्त्रीचें चालणें, थबकणें, मान वळविणें शिकला होता. आपल्याकडील बहुरूप्याचेंही तेंच. याला रायरंदही म्हणतात. आज जमादार होऊन दारांत दरडावील, उद्यां आणखी कोणी होईल, आणि शेवटच्या दिवशीं आपल्या खऱ्या रूपांत येऊन बिदागी मागेल. जमादाराचा पट्टा त्याच्यापाशीं जुनाट असे, पण घरमालकाच्या पोटांत क्षणभर गोळा येई, कारण जमादाराचा आवाज त्यानें चांगला ओळखलेला असे. एकनाथांनीं भारुडांत वासुदेवाचें, जोश्याचें, महाराचें सोंग घेतलें तें त्या त्या माणसाच्या तोंडून बोलावें म्हणून. आम्ही सोंग घेतों तें त्याचें छायाचित्र काढावें म्हणून.

आणि ज्या माणसाचें सोंग घेतलें त्याच्याशीं आमचा व्यवहार काय? लमाण स्त्रीच्या वेषांतील ती लहान मुलगी गोड दिसत होती. तिची कांचळी व फेटिया भाड्याचा, आरसे कागदाचे. वाशीम जिल्ह्यांत बंजाऱ्यांचे तांडे ठिकठिकाणीं आहेत. पोहरादेवी याच जिल्ह्यांत. जिच्या पेटींत खरी कांचळी आहे अशी एखादी आजी मैलाच्या आंत सांपडली असती. तिला कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर कोणता दागिना सौभाग्याचा, कोणता नुसता हौसेचा, हें तरी मुलीला कळलें असतें. वासुदेवाला तर सभेनें टाळ्यांनीं डोक्यावर घेतलें. तोच मोरपिसांची टोपी घालून खरा वासुदेव पहाटे दारीं आला तर आम्ही कडी लावून घेतों. ही अतिशयोक्ति आहे असें ज्यांना वाटेल त्यांनीं १ जुलै २०१८ आठवावा. त्या दिवशीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, भिक्षेवर फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांना, मुलें पळविणारे समजून जमावानें ठार मारलें. भटक्याचें सोंग मंचावर हवें, भटक्या दारांत नको, अशी ही आमची रसिकता आहे.

शिक्षक म्हणतात, मुलांची हौस आहे, इतकें मनावर घेऊं नका. हौस मुलांची असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. सात वर्षांच्या मुलाला यंत्रानें शिवलेल्या ठिगळांची हौस नसते. ती आईबापांची, शेजारच्या मुलाच्या फेट्याशीं तोलून पाहिलेली हौस. मुलाची हौस कापूस झाडणाऱ्या त्या पोरांत होती, आणि तिला आम्हीं शून्य गुण दिले. दुसरे म्हणतात, नोकरदार आईला घरीं शिवत बसण्यास वेळ कोठला? तें खरें आहे. म्हणूनच वेषाला गुण नकोत. टॉवेलाचा फेटा आणि कोळशाच्या मिशा पुरे आहेत. मुलाला आठ दिवस आधीं त्या माणसाविषयीं सांगावें, आणि मंचावर पाठ वाक्याऐवजीं दोन प्रश्न विचारावे.

शाळेचें पुढील वर्षाचें निमंत्रण आलें आहे. गुणपत्रिकेंतून ‘वेष’ हा रकाना काढावा, भाड्याचे पोषाख घेऊं नयेत, आणि वासुदेव व बंजारा यांचें सोंग ठेवावयाचें असेल तर त्या समाजांतील एकेका वडीलधाऱ्या माणसाला आमच्या शेजारीं परीक्षकाच्या खुर्चीवर बसवावें, अशा तीन अटी आम्हीं उलट टपालीं कळविल्या. पहिल्या दोन मान्य असल्याचें उत्तर आलें. तिसरीविषयीं त्यांत एक अक्षरही नाहीं, म्हणून आम्हीं पुन्हा लिहिलें आहे.