मुलाला मोह आवरत नाही, की आपला शब्द टिकत नाही?



'मोहापासून दूर राहा' हा सुविचार आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी फळ्यावर लिहिलेला असेल. परिपाठात एखादी मुलगी तो मोठ्यानं वाचते, बाकीची मुलं हाताची घडी घालून ऐकतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीच मुलं गेटसमोरच्या टपरीवर दिसतात. मग आपण म्हणतो, "सकाळी काय वाचलं रे? एवढाही मोह आवरत नाही का?"

मला या प्रश्नाबद्दलच थोडं बोलायचं आहे.

आठ वर्षांच्या मुलासमोर दिवसभरात काय काय येतं ते एकदा त्याच्या उंचीवरून बघा. टपरीवर दोरीला लटकवलेली पाच रुपयांची पाकिटं बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येतात. काही पाकिटांत खेळणं फुकट असतं, त्यामुळे पोट भरलेलं असलं तरी हात पुढे जातो. घरी मोबाईलवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, 'बघू का?' असं कुणी विचारतच नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही उघडी असते आणि नेमकं अडलेलं उत्तर त्यात दिसत असतं. गृहपाठाला गाईड हाताशी असतं. खेळताना 'मी आउट नव्हतोच' असं म्हणण्याची संधी असते. कुणाचं सुंदर खोडरबर खाली पडलेलं असतं. मोठ्या माणसालाही दमवतील एवढे हे मोह आहेत, आणि यातले निम्मे कुणीतरी डोकं लावून तयार केलेले आहेत. समोर मात्र तिसरीतलं लेकरू.

प्रशिक्षणांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर एक गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून काही प्रयोग केले. मुलासमोर एक मार्शमॅलो किंवा तसलाच खाऊ ठेवायचा (मार्शमॅलो म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई) आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत हा खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. काही मुलं थांबली, काहींनी लगेच खाल्ला. पुढे त्याच मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुलं अभ्यासातही पुढे दिसली. झालं! यावरून जगभर निष्कर्ष निघाला की ज्याला मोह आवरतो तोच आयुष्यात पुढे जातो.

ही गोष्ट इथेच थांबवून सांगितली जाते. पुढची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

2013 साली अमेरिकेतल्याच रोचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 लहान मुलं घेतली, साधारण आपल्या अंगणवाडीच्या वयाची. खाऊचा प्रयोग करण्याआधी त्यांनी एक छोटी गोष्ट केली. मुलांना चित्र काढायला जुने, वापरलेले खडू दिले आणि सांगितलं, "थोडं थांबलास तर मी छान नवं साहित्य आणते." निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, "अरे, सॉरी, नाहीये आपल्याकडे." नंतर तसंच स्टिकरच्या बाबतीत केलं. आणि मग मार्शमॅलो समोर ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना दोनदा फसवलं गेलं होतं ती थांबली सरासरी 3 मिनिटं. पूर्ण 15 मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात 14 पैकी 9 होती, दुसऱ्या गटात फक्त 1.

आता सांगा, त्या दुसऱ्या गटातल्या मुलांचं मन दुबळं होतं का? मला तर ती शहाणी वाटतात. समोरचं माणूस बोलल्याप्रमाणे करत नाही हे त्यांनी दोनदा बघितलं होतं. मग हातातलं का सोडायचं?

त्यानंतर 2018 साली सुमारे 900 मुलांची माहिती घेऊन मूळ निष्कर्ष पुन्हा तपासला गेला. थांबण्याचा आणि पुढच्या अभ्यासाचा संबंध आधी वाटला होता त्याच्या साधारण निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर तर तो फारच कमी उरला.

हे वाचलं तेव्हा मला आपली मुलं आठवली. ज्या घरात चार भावंडांत एक बिस्किटाचा पुडा येतो, तिथे 'नंतर खाईन' म्हणणाऱ्याला नंतर रिकामा कागद मिळतो. ज्या घरी हजेरीचे पैसे शनिवारी आले तरच बाजार होतो, तिथे 'पुढच्या आठवड्यात घेऊ' या वाक्याला फारसा अर्थ नसतो. अशा मुलाला आपण 'हावरा' म्हणून मोकळे होतो. आणि यात फक्त गरिबीचाच प्रश्न आहे असंही नाही. चांगल्या पगाराच्या घरांतही 'पहिला नंबर आला तर सायकल' असं जूनमध्ये म्हटलं जातं आणि एप्रिलमध्ये 'आधी पाचवीचं बघू' असं सांगितलं जातं. 'दहा मिनिटं मोबाईल बघ, मग आपण खेळू' म्हणणारे बाबा दहा मिनिटांनी स्वतःच मोबाईलमध्ये असतात. शाळेत 'हा धडा संपला की मैदानावर नेते' म्हणायचं आणि धडा संपला की पुढचा धडा काढायचा, हेही सगळीकडे चालतं. मुलं भांडत नाहीत. गपचूप हिशेब ठेवतात.

माझ्या वर्गात मी हितोपदेशातली म्हाताऱ्या वाघाची गोष्ट सांगते. तुम्हाला माहीत आहेच. तळ्याकाठी सोन्याचं कडं घेऊन बसलेला वाघ, आणि त्या कड्याच्या मोहानं चिखलात रुतलेला वाटसरू. गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलो?' विचारायचं आणि मुलांनी 'लोभ करू नये' म्हणायचं, ही ठरलेली पद्धत. एकदा एक मुलगी म्हणाली, "पण बाई, खोटं तर वाघ बोलला ना?" वर्ग हसला. मला तो प्रश्न फार योग्य वाटला. आपण वर्षानुवर्षं वाटसरूलाच बोलत आलोय. तळ्याकाठी कडं घेऊन कोण बसलंय, हे विचारतच नाही.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपण हे बरोबर विचारतो. माणसाला तंबाखूचा मोह आवरत नाही म्हणून केवळ सुविचार लिहून आपण थांबलो नाही. 2003 च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी घातली, त्याचा फलक आपल्या भिंतीवर आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये केंद्र सरकारनं कायद्यानं बंदी आणली. म्हणजे कमावत्या, मिशा फुटलेल्या माणसाचं मन त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही, हे सरकारलाही मान्य आहे. मुलांसाठीही असा नियम आहे बरं का. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी हा विषय जरूर काढावा. टपरीवाल्याशी भांडण नको, त्याचंही पोट आहे. चिक्की, उकडलेले शेंगदाणे, केळी, पेरू तो विकू शकतो आणि सांगितलं तर विकतोही.

"मग मुलांनी मन आवरायला शिकायचंच नाही का?" असं कुणी विचारेल. शिकायचं ना. पण ते दात-ओठ आवळून जमत नाही. मिशेल यांच्या प्रयोगात जी मुलं थांबली त्यांनी काय केलं होतं? कुणी डोळ्यांवर हात ठेवले, कुणी पाठ फिरवली, कुणी गाणं म्हटलं. मोहाकडे टक लावून बघत कुणी त्याला हरवलं नाही. आपल्या घरातल्या आज्या हे न शिकता जाणत होत्या. लाडवाचा डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर असायचा. आज मोबाईल चार्जिंगला लावायचा तो दुसऱ्या खोलीत, एवढं केलं तरी अभ्यासाचा निम्मा वाद मिटतो. टेबलावर मोबाईल ठेवून 'बघू नकोस' म्हणणं म्हणजे लाडू पुढ्यात ठेवून उपवास करायला लावणं.

आणि शिक्षक मित्रांनो, एक आपल्यातलं. चाचणीच्या दिवशी मूल एका उत्तरापाशी अडतं. आपल्याला ते उत्तर येत असतं. गुण ऑनलाइन भरायचे असतात, केंद्राच्या बैठकीत वर्गनिहाय तक्ता दाखवला जाणार असतो. अशा वेळी बाकाजवळ जाऊन हळूच 'नीट बघ, हातचा धरलास का?' म्हणावंसं वाटणं, हा आपल्या व्यवसायातला सगळ्यात मोठा मोह आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो दयेच्या रूपात येतो म्हणून ओळखू येत नाही. घरी तोच मोह प्रकल्पाच्या वहीच्या रूपात येतो. आई सुबक अक्षरात लिहिते, बाबा चित्रं चिकटवतात, आणि मूल शेजारी बसून टीव्ही बघतं. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी 'कॉपी करू नये' हे आपण कोणत्या तोंडानं शिकवणार?

वर्गापुरता मी एक उपाय करते. टेबलावर एक शंभर पानी वही असते. वर्गाला मी जे जे 'देईन', 'करू', 'नेईन' म्हणते, ते मुलं तारखेसह त्यात लिहितात. झालं की मॉनिटर बरोबरची खूण करतो. नियम एकच, जे वहीत लिहायची माझी तयारी नाही ते मी बोलायचं नाही. त्यामुळे माझी आश्वासनं बरीच कमी झालीत. मुलांचा 'बाई, कधी? बाई, कधी?' हा धोशाही कमी झालाय, कारण तारीख त्यांनीच लिहिलेली असते. पालकांनी घरी फ्रिजवर किंवा दाराच्या मागे असा कागद लावून बघावा. पहिल्या आठवड्यात मुलं मुद्दाम परीक्षा घेतात, तेवढं सांभाळा.

सध्या आमच्या वहीत दोन ओळी बाकी आहेत. एक गोष्टीच्या तासाची, ती शनिवारी होईल. दुसरी खो-खोची, तिच्यापुढे मुलांनी तारखेच्या जागी 'मैदान सुकल्यावर' असं लिहिलंय.