‘कळलं ना?’ असं विचारून काहीच कळत नाही

‘पेशंट गोळ्या चुकीच्या घेतात’ हे वाक्य आम्हा डॉक्टरांच्या तोंडी फार असतं. मला ते पटत नाही. बरेचदा आम्हीच धड सांगितलेलं नसतं.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमवाताच्या एका मावशींना मी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आमवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी घटतात, तोंड सोलवटतं, प्रसंगी जीवही जातो. मी तोंडी सांगितलं, ‘दर सोमवारी तीन गोळ्या.’ चिठ्ठीवर मात्र घाईत सोमवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं खरडली आणि विचारलं, ‘‘कळलं ना मावशी?’’

‘‘हो डॉक्टर.’’

केमिस्टला ती अक्षरं ‘मॉर्निंग’ वाटली. पाकिटावर आलं: सकाळी 3. मावशींनी ऐकलेल्यापेक्षा लिहिलेल्यावर विश्वास ठेवला. तुम्हीही तेच केलं असतं. नवव्या दिवशी तोंडभर फोड आणि ताप. ॲडमिट केलं, फॉलिनिक ॲसिड, अँटिबायोटिक्स दिली. मावशी वाचल्या. मुलगा मला म्हणाला, ‘‘आईचंच चुकलं, साहेब.’’ मी गप्प बसलो. चूक माझी होती हे सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

आमचे मित्र म्हणतात, ओपीडीत एवढं बोलायला वेळ कुठे आहे? एक मिनिट लागतं हो. मावशींच्या पायी माझे पुढचे दहा दिवस गेले, त्यांचं काय गेलं ते वेगळंच. दुसरं म्हणणं, धोके सांगितले तर पेशंट घाबरून औषध बंद करतात. काही करतातही. पण ‘तोंड आलं, ताप आला तर गोळी थांबवून मला फोन करा’ यात घाबरवण्यासारखं काय आहे? आणि अक्षराचं म्हणाल, तर औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, हा मेडिकल कौन्सिलचा नियम 2016 पासून आहे. वारासाठी वेगळा नियम हवा होता का?

आता मी वार मराठीत पूर्ण लिहितो आणि विचारतो, ‘‘मी नीट सांगितलं का बघू, घरी सुनेला काय सांगाल?’’ चारातला एखादा तरी काहीतरी भलतंच सांगतो. तेव्हा परत सांगायचं. (परीक्षा माझी असते, पेशंटची नाही. हा सूर चुकला की माणसं लाजतात आणि पुन्हा मान डोलावतात.)

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच म्हणा, ‘‘डॉक्टर, मी सांगते, बरोबर का बघा.’’ ते वैतागले तर वैतागू द्या.

आणि आमवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल, तर आजच पाकीट काढून बघा. त्यावर वाराऐवजी ‘सकाळी’ किंवा ‘रोज’ लिहिलेलं असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.