ईदनंतरचा हप्ता

ईद होते, शिरखुर्म्याच्या वाट्या फडताळात जातात आणि आमच्या कुंभार पिंपळगावातही, इतर कुठल्याही गावासारखाच, एक प्रश्न उरतो : रमजानमध्ये मशिदीत न मावणारी गर्दी शव्वालमध्ये जाते कुठे? पाच वेळची नमाज तर बारा महिन्यांची आहे.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. एकरकमी मोठी ठेव ठेवणाऱ्याचे कौतुक सारेच करीत. मला मात्र दरमहा न चुकता थोडे भरणारा खातेदार अधिक भरवशाचा वाटे. पैगंबरांची शिकवणही हीच : थोडे असो, पण सातत्याने केलेले कर्म अल्लाला सर्वांत प्रिय. म्हणूनच ईदचा दिवस सोडून शव्वालमध्ये सहा ऐच्छिक रोजे सांगितले आहेत. हिशेबही सोपा. सत्कर्माचे पुण्य दहापट. ३० रोज्यांचे ३००, ६ चे ६०, म्हणजे जवळजवळ वर्षभराचे.

आमच्याकडचा वारकरी पंढरीहून परतला की गळ्यातली माळ उतरवून ठेवीत नाही. वारी संपते, नेम संपत नाही. रमजानचेही तसेच आहे. सगळे जमत नाही म्हणून सगळेच सोडून देणे, हेच खरे नुकसान. एखादा हप्ता चुकला म्हणून कुणी खाते बंद करीत नाही; पुढचा भरायचा असतो.