रोवणीच्या दिवसांसाठी उन्हातली भाजी

भगिनींनो, उन्हाळ्याच्या तोंडी वाडीतली वांगी आणि गवार टोपल्यांनी निघते, तेव्हा तिला भाव नसतो. पुढे रोवणीच्या दिवसांत तीच भाजी हाताला चटका देते. पहाटे चिखलात उतरायचे, संध्याकाळी वाकून वाकून मोडलेली पाठ घेऊन घरी यायचे आणि चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न. कारध्याकडच्या बायांना पावसाळ्याची अडचण वेगळी सांगायला नको. नदीच्या या काठाला गाव, त्या काठाला भंडारा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा फुगली तेव्हा भंडाऱ्याच्या वस्तीतही पाणी शिरले होते. अशा आठवड्यात बाजार कुठला?

म्हणून नवतप्याचे ऊन वाया जाऊ देऊ नका. आपल्याकडे वांग्याच्या खुला करतात, त्या पुष्कळ घरी काळ्या आणि कडवट होतात. कारण सोपे आहे: चिरलेले वांगे हवेत राहिले की काळे पडते. कोवळी, बी न धरलेली वांगी घ्या. चिरताच मिठाच्या पाण्यात टाका. मग उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढा. या उकळीने रंग टिकतो आणि वाळायलाही वेळ कमी लागतो. गवारीच्या शेंगांनाही हीच उकळी द्या. भेंडी मात्र धुऊन, पुसून, मगच चिरा आणि तशीच वाळवा. ओली चिरली तर तारच सुटत राहील. मेथी आणि सांभार सावलीत, वारा खेळेल तिथे. कडक उन्हात पाला पिवळा पडतो.

बाजेवर स्वच्छ धोतर पसरून एकेरी थर घाला, वरून जुन्या लुगड्याचे पातळ फडके बांधा. धूळ आणि माशा यांचा बंदोबस्त होतो. सूर्य कलला की घरात घ्या, नाहीतर रात्रीची ओल परत शिरते. आभाळ भरून आले तर घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवावे कोणी काय उचलायचे! दहा किलो वांग्यांची जेमतेम किलोभर खूल होते, तेव्हा ढीग पाहून घाबरू नका.

वाळली की नाही हे बोटाने पाहा. तुकडा वाकला तर कच्चा, कट्‌कन मोडला तर झाला. पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत भरा. चार-पाच दिवसांनी बरणी उजेडात धरा. काचेला आतून दव दिसले तर सगळे काढून पुन्हा उन्हात घाला. बुरशी आली असेल तर मात्र वरची काढून खालची ठेवू नका, सगळी फेकून द्या. काही बुरशींचे विष शिजवूनही जात नाही.

हल्ली कोणी कोणी भाजी उकडून बाटलीत पाण्यासकट बंद करून ठेवतात. तसे करू नका. बंद बाटलीत वास न येता विष तयार करणारा एक जंतू वाढतो, आणि साध्या उकळीने त्याचे बीज मरत नाही. मीठ, आंबट किंवा ऊन, आपले हेच तीन मार्ग बरे.

शिजवायच्या आधी खुला कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून घ्या आणि तुरीच्या वरणात सोडा. तिखट जरा जास्त घाला. मुठभर खुलांत चार माणसांचे कालवण होते.